मद्यार्कमिश्रित वाइन आणि गावचे दुकान : धार-देवासच्या निमित्ताने एक अभ्यासपाठ

ज्या दुकानाच्या पाटीवर ‘वाइन शॉप’ अशी ठळक अक्षरे रंगविलेली असतात, त्या दुकानात वाइन हाच पदार्थ सर्वांत कमी खपतो, हे आपल्या खात्यातील कोणाही निरीक्षकास नव्याने सांगावयास नको. व्हिस्की, रम आणि बिअर यांनी दर्शनी फळ्या भरलेल्या असतात. वाइनला कोपऱ्यातील एखादी फळी मिळते आणि त्या फळीवरही दोन निरनिराळ्या जातींच्या बाटल्या शेजारी शेजारी उभ्या असतात. एक साधी, म्हणजे द्राक्षरस आंबवून केलेली वाइन. दुसरी, त्या वाइनमध्ये वरून मद्यार्क घालून तिची तीव्रता वाढविलेली. इंग्रजीत या दुसऱ्या जातीस फॉर्टिफाइड वाइन म्हणतात. फोर्ट म्हणजे किल्ला, तेव्हा ही तटबंदी केलेली वाइन झाली. प्रस्तुत लेखात तिला मद्यार्कमिश्रित वाइन म्हटले आहे. पोर्ट, शेरी, मदेरा, मार्साला ही तिची प्रसिद्ध रूपे होत. गावच्या दुकानदाराने ती ठेवावी काय, ठेवल्यास किती व कशी ठेवावी, आणि विकताना गिऱ्हाइकास काय सांगावे, हा या पाठाचा विषय आहे. मद्याचा प्रसार हा त्याचा हेतू नाही, हे सूज्ञ वाचकांच्या लक्षात येईलच. जो माल परवान्याखाली विकला जातो, त्याची ओळख विकणाऱ्यास आणि तपासणाऱ्यास असलीच पाहिजे, एवढीच त्यामागील भूमिका आहे.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असून रसायनशास्त्राशी त्याचा संबंध शाळेपुरताच आला. तेव्हा हा विषय त्याला सुचला तो प्रयोगशाळेत नव्हे, तर एका लग्नाच्या निमित्ताने. आजोळ देवासचे. पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातींची दोन राज्ये एकाच गावात नांदत होती ते हे देवास. दोन्ही संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली. मराठी कुटुंबे मात्र तिथेच राहिली आणि घरात मराठी, दारात माळवी-हिंदी अशी त्यांची रीत आजही आहे. मे महिन्यात तेथे जाणे झाले तेव्हा, खात्याची सवय म्हणा किंवा खोड म्हणा, हमरस्त्यावरील एका मदिरा दुकानात डोकावलो. सर्वांत वरच्या फळीवर, दिव्याच्या नळीला जवळजवळ टेकून, शेरीच्या दोन बाटल्या उभ्या होत्या. त्यांच्यावरील धुळीत बोटाने नाव लिहिता आले असते. शेजारी लाल पोर्टच्या बाटल्या होत्या आणि त्या मात्र पुसलेल्या होत्या. विक्रेत्यास विचारले, ही शेरी केव्हापासून आहे? त्याने मान वर करून पाहिले आणि म्हणाला, “साहब, हमसे पहले की है.” आणि पोर्ट? “वो तो चलती है. जाड़े में बूढ़े लोग ले जाते हैं, और जापे वाली औरतों के लिए.” जापा म्हणजे बाळंतपण. बाहेर पारा चाळिशीच्या पुढे होता आणि दुकानात पंखाच काय तो होता.

त्या एका उत्तरात या विषयाचे दोन्ही प्रश्न आले आहेत. शेरी खराब होते, हे विक्रेत्यास ठाऊक नव्हते. आणि पोर्ट हे औषध नव्हे, हे त्याच्या गिऱ्हाइकांस ठाऊक नव्हते.

आता ही वाइन होते कशी ते पाहू. द्राक्षरसातील शर्करेवर यीस्ट या सूक्ष्म जीवाची क्रिया होऊन मद्यार्क आणि कर्बवायू तयार होतो. या क्रियेस किण्वन म्हणतात. किण्वन आपोआप थांबते ते दोन कारणांनी: शर्करा संपली म्हणून, अथवा मद्यार्क इतका वाढला की यीस्टच त्यात जगेनासे झाले म्हणून. ही दुसरी मर्यादा सामान्यतः १५-१६ टक्क्यांच्या आसपास येते. साधी वाइन बहुधा ११ ते १४ टक्क्यांवरच थांबते. पोर्तुगालातील डौरो नदीच्या खोऱ्यात पोर्ट करताना किण्वन मध्येच रोखले जाते. रसात ६-७ टक्के मद्यार्क तयार झाला आणि निम्मीअधिक शर्करा अजून शिल्लक आहे, अशा वेळी द्राक्षांचाच ७७ टक्के तीव्रतेचा मद्यार्क त्यात ओततात. जुन्या प्रमाणानुसार ४३५ लिटर रसास ११५ लिटर मद्यार्क, मिळून ५५० लिटरांचे एक पिंप. त्रैराशिक मांडून पाहावे: तीव्रता २१ टक्क्यांच्या जवळ येते. यीस्ट तत्काळ मरते आणि न आंबलेली शर्करा तशीच राहते. म्हणून पोर्ट गोड असते आणि म्हणूनच ती जहाल असूनही जहाल लागत नाही. लिटरमागे सुमारे १०० ग्रॅम शर्करा, हे तिचे सर्वसाधारण मान होय. तिचा गोडवा जिभेला फसवितो, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

स्पेनमधील शेरीची रीत उलटी. तेथे रस आधी पूर्ण आंबवून कोरडा, म्हणजे शर्कराहीन, करतात आणि मग मद्यार्क मिसळतात. ‘फिनो’ नावाच्या फिकट शेरीस १५ टक्क्यांपर्यंतच नेतात, कारण तिच्या पृष्ठभागावर यीस्टची जी साय धरते ती त्यापुढे जगत नाही. ही साय वाइनचा हवेशी संबंध येऊ देत नाही. ‘ओलोरोसो’ ही गडद शेरी १७ टक्क्यांच्या वर नेतात. तिच्यावर साय धरत नाही आणि हवेच्या संपर्कातच ती मुरते. म्हणजे एकाच नावाखाली लिटरला जेमतेम चार ग्रॅम शर्करेची फिनोही येते आणि दोनशे ग्रॅमच्या पुढची, काकवीसारखी दाट ‘पेद्रो हिमेनेस’ही येते. केवळ ‘शेरी’ एवढ्या शब्दावर विसंबून माल मागविणारा दुकानदार किती अंधारात असतो, हे यावरून समजेल.

मदेराचा तर आपल्या देशाशी थेट संबंध आहे. अटलांटिक महासागरातील या बेटावरून हिंदुस्थानाकडे येणारी जहाजे वाइनची पिंपे चढवून घेत. विषुववृत्त ओलांडताना ती पिंपे तळघरात तापत आणि आश्चर्य असे की, वाइन बिघडण्याऐवजी सुधारे. पुढे बेटावरच वाइन मुद्दाम तापविण्याची पद्धत पडली. आजही तिचा एक प्रकार ४५ ते ५० अंश उष्णतेत किमान तीन महिने ठेवून तयार करतात. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या नोकरांचे हे आवडते पेय होते. धार आणि देवास यांच्या मध्ये महूची छावणी १८१८ नंतर वसली. तेथील अधिकाऱ्यांच्या भोजनगृहांतून भोजनोत्तर पोर्ट फिरविण्याचा इंग्रजी रिवाज माळव्यात आला. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज सत्ता असल्याने पोर्ट हे नाव तिकडे घरोघर ठाऊक झाले आणि गोव्याची म्हणून विकली जाणारी गोड लाल वाइन पुढे देशभर ‘पोर्ट’ याच नावाने पसरली. तिच्यासाठी बहुधा बंगलोर ब्लू जातीची द्राक्षे वापरतात. डौरोच्या पोर्टशी तिचे साम्य रंग आणि गोडी एवढ्यापुरतेच आहे. काहींत मद्यार्क मिसळलेला असतो, काहींत केवळ साखर. ‘पोर्तो’ हे नाव भौगोलिक उपदर्शन म्हणून आपल्या देशातही नोंदले गेलेले आहे, तेव्हा लेबल तपासताना या नावाचा प्रश्न केवळ पांडित्याचा समजू नये.

येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते, कारण ते धार जिल्ह्यातच घडते. १६१७ च्या मार्चमध्ये बादशहा जहांगीर मांडूस येऊन राहिला आणि पावसाळा संपवूनच ऑक्टोबरात गेला. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो हाही दरबारापाठोपाठ मांडूच्या पठारावर होता. जहांगीराने आपल्या मद्यपानाचा हिशेब आपल्याच आत्मवृत्तात मोकळेपणी दिला आहे. तरुणपणी तो दोनदा ऊर्ध्वपातन केलेल्या अर्काचे दिवसा चौदा आणि रात्री सहा असे वीस पेले घेई. हात इतका कापू लागला की पेला दुसऱ्याने ओठाशी धरावा लागे. हकीम हुमाम याने त्यास स्पष्ट सांगितले की, आणखी सहा महिने हेच चालले तर उपाय उरणार नाही. तेव्हा त्याने पेले उतरवीत आणले आणि अर्कात द्राक्षमद्य मिसळण्याची आज्ञा केली: दोन भाग वाइन, एक भाग अर्क. १६१६ मध्ये अजमेरला बादशहाच्या वाढदिवशी रोसाहेबास सोन्याच्या पेल्यातून असेच मिश्र मद्य मिळाले. ते इतके तीव्र होते की त्यास शिंक आली, असे तो नमूद करतो. वाइन १२ टक्क्यांची आणि अर्क ४० टक्क्यांचा धरला, तर हे मिश्रण २१ टक्क्यांच्या थोडे वर जाते. म्हणजे पोर्टची तीव्रता! ज्या काळात पोर्तुगालात पोर्ट अजून रूढ व्हावयाची होती, त्या काळात बादशहाच्या पेल्यात ती तयार होत होती. गंमत अशी की, जगात वाइन जहाल करण्यासाठी जे मिश्रण करतात, ते येथे अर्क सौम्य करण्यासाठी केले गेले, आणि तेही वैद्याच्या धाकाने. एकच पेय, पण कोठून निघून तेथे पोहोचलो यावर त्याचा अर्थ अवलंबून.

वैद्याचा उल्लेख आला, तेव्हा औषधाची बाजू पाहिली पाहिजे. चरकसंहितेत चौऱ्याऐंशी आसवांची गणना आहे. द्राक्षासव, द्राक्षारिष्ट ही नावे आपल्याकडे आजीबाईंच्या तोंडी असतात. यात धायटीची फुले घालून किण्वन घडवितात आणि जो काही मद्यार्क असतो तो आतल्या आत उत्पन्न होतो. कायद्याच्या भाषेत त्यास स्वयंजनित मद्यार्क म्हणतात. बाहेरून मद्यार्क मिसळलेल्या वाइनशी त्याची गल्लत करता कामा नये. औषध कोणते आणि पेय कोणते, हा वाद आपल्या राज्यास नवा नाही. मुंबई मद्यनिषेध अधिनियम, १९४९ लागू झाल्यावर तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि बलसारा प्रकरणात १९५१ मध्ये न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांच्यापुरती त्या कायद्याची काही कलमे रद्द ठरविली. पुढे १९५५ मध्ये अशा औषधांसाठी केंद्राचा स्वतंत्र उत्पादन शुल्क कायदा झाला. सारांश, आसव-अरिष्टांची वाट वेगळी, वाइनची वेगळी. एक औषधांच्या दुकानातून जाते, दुसरी आपल्या परवानाधारकाच्या फळीवरून. लोकांच्या मनात मात्र या दोन वाटा अजून एकच आहेत.

याचे प्रत्यंतर त्याच मुक्कामात आले, आणि तेही घरातच. मावशींचे वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह पंधरा वर्षांचा. चैत्र-आश्विन दोन्ही नवरात्रांत टेकडीवर चामुंडेच्या दर्शनास जाणारी, कांदा-लसूणही वर्ज्य मानणारी बाई. सकाळी औषधे काढून देताना देवघराशेजारच्या फडताळात गुलकंदाच्या बरणीमागे लाल बाटली दिसली. मी बाटली हातात घेतल्याचे पाहून त्या म्हणाल्या, “अरे, तापानंतर अशक्तपणा फार आला होता. शेजारच्या सुनेला बाळंतपणात दिली होती, तिनंच आणून दिली. रक्त वाढतं म्हणे.”

“मावशी, किती घेतेस रोज?”

“आधी चमचा-चमचा घेत होते. आता वाटी. सकाळी एक, निजताना एक. झोप बरी लागते.”

“ही दारू आहे, मावशी.”

“काहीतरीच बोलतोस. दारू असती तर मी फडताळात ठेवली असती का? ही पोर्ट आहे.”

त्यांच्या वाटीत पाणी घालून मापले. १०० मिलिलिटर भरले. बाटलीवर तीव्रता १५ टक्के छापली होती. दिवसाकाठी दोन वाट्या म्हणजे २०० मिलिलिटर आणि त्यात ३० मिलिलिटर निव्वळ मद्यार्क. आपल्याकडील व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते. त्या हिशेबाने मावशी रोज ७० मिलिलिटर व्हिस्कीइतके मद्य घेत होत्या, म्हणजे एक मोठा पेग आणि वर थोडी. लिटरमागे १०० ग्रॅम शर्करा धरली, तर वीस ग्रॅम साखर निराळीच, आणि ती चहातून साखर काढून टाकलेल्या बाईच्या पोटात. रक्त वाढविण्याइतके लोह कोणत्याही पोर्टमध्ये नसते. लाल रंग द्राक्षाच्या सालीचा असतो. ‘झोप बरी लागते’ हे मात्र खरे होते, आणि त्याचे कारण सांगावयास नको. महिनाभर त्यांची रक्तशर्करा का आवरत नाही, याचा त्यांचे डॉक्टर विचार करीत होते. त्यांना बाटलीविषयी कोणी सांगितलेच नव्हते, कारण ती औषधांत जमा होती आणि औषध म्हणून सांगण्याइतकी मोठी नव्हती.

ही बाटली कोणा गुत्त्यावरून आलेली नव्हती. ती परवानाप्राप्त दुकानातून, रीतसर शुल्क भरून, पावतीसह आली होती. लेबलावर वैधानिक इशाराही होता. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे मद्यपेयांविषयीचे २०१८ चे विनियम १ एप्रिल २०१९ पासून अमलात आले. त्यांनुसार मद्यार्काचे प्रमाण छापणे बंधनकारक आहे, मद्यपान आरोग्यास अपायकारक असल्याचा इशारा बंधनकारक आहे आणि आरोग्याला हितकर असल्याचा कोणताही दावा निषिद्ध आहे. पोषणमूल्यांचा तक्ताही छापता येत नाही. या शेवटच्या नियमामागील हेतू योग्य आहे. मद्य हे अन्न असल्याचा आभास होऊ नये. परंतु त्याचा एक परिणाम असा की, शर्करेचा आकडा गिऱ्हाइकास बाटलीवर सापडत नाही. ‘ड्राय’, ‘स्वीट’ असे शब्द असलेच तर असतात. तेव्हा मधुमेह्यास सावध करणारा मनुष्य गल्ल्यामागे उभा असलेला विक्रेताच होय, आणि त्यालाच ते ठाऊक नसते. आपल्या खात्याने विक्रेत्यांसाठी ज्या बैठका घेतल्या जातात त्यांत परवाना, साठा-नोंदवही आणि वेळा यांवर भर असतो. मालाच्या ओळखीसाठी त्यांत अर्धा तास काढावा, अशी प्रस्तुत लेखकाची सूचना आहे. वरिष्ठांस ती अप्रस्तुत वाटल्यास क्षमा असावी.

देवासहून परतताना धारला एक दिवस थांबलो. तेथील ज्या दुकानात चौकशी केली तेथे शेरी नव्हती, पोर्टही नव्हती. “पौवा चलता है,” एवढेच उत्तर मिळाले. पौवा म्हणजे १८० मिलिलिटरची बाटली. उत्तर तुटक असले तरी चुकीचे नव्हते. मध्य प्रदेशात दुकाने वर्षावर्षाच्या कराराने दिली जातात. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला मालकी बदलू शकते. २०२२-२३ पासून देशी आणि विदेशी मद्याची दुकाने एकत्र करण्यात आली, त्यामुळे त्याच फळ्यांवर दोन्ही माल मांडावा लागतो. ज्याला वर्षाअखेर शुल्काची रक्कम उभी करावयाची आहे, तो महिन्याकाठी एक बाटली खपणाऱ्या मालात पैसा का अडकवील? परदेशी वाइनवर अनेक वर्षे एकूण १५० टक्के सीमाशुल्क होते, आणि मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्याने राज्याराज्यांचे कर वेगळे पडतात. त्यात प्रत्येक लेबलाची राज्यात नोंदणी करावी लागते. या सर्वांतून पार होऊन शेरीची बाटली देवासच्या फळीवर पोहोचली, आणि तिथे ती दिव्याखाली उकडून गेली, ही शोकांतिकाच म्हणावी. धारच्या पश्चिमेस भिल्ल-भिलाल्यांच्या मुलखात मोहाच्या फुलांचे मद्य पिढ्यान्‌पिढ्या काढले जाते. त्यास ‘हेरिटेज मद्य’ म्हणून मान्यता देण्याचे धोरण शेजारच्या अलीराजपूर जिल्ह्यातही राबविले गेले. ते ऊर्ध्वपातित मद्य आहे, वाइन नव्हे, एवढेच येथे नोंदवितो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

याच राज्याच्या धोरणात १ एप्रिल २०२५ पासून कमी मद्यार्काच्या पेयांसाठी निराळ्या बारची सोय झाली आणि त्यासाठी १० टक्क्यांची मर्यादा घातली गेली. उज्जैन, महेश्वर यांसह एकोणीस धार्मिक स्थळी मद्यविक्रीच बंद झाली. दहा टक्क्यांची रेषा ओढली की साधी वाइनसुद्धा बहुतांशी तिच्या बाहेर जाते, मग मद्यार्कमिश्रित वाइन कोठे बसणार? ‘वाइन म्हणजे सौम्य’ हा सर्वसाधारण समज धोरण आखणाऱ्यांनी मानलेला नाही, ही गोष्ट आपल्याकडील निरीक्षकांनीही नोंद घेण्यासारखी आहे.

आता प्रत्यक्ष साठ्याकडे वळू. लहान गावच्या दुकानदाराने या जातीच्या फार बाटल्या ठेवू नयेत. ज्या गावात मागणी आहे तेथे एक लाल पोर्ट आणि फार तर एक गडद शेरी, प्रत्येकी तीन-चार बाटल्या, एवढे पुरे. फिनो ठेवूच नये. ती फिकट शेरी बाटलीत भरल्यापासून वर्षभरातच तेज गमावते आणि उघडल्यावर शीतकपाटात ठेवूनही आठवड्याच्या आत संपवावी लागते. माळव्याच्या अथवा आपल्या विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तिचा निभाव लागणे कठीण. गडद, गोड प्रकार उष्णता अधिक सोसतात. मदेरा तर तापवूनच केलेली असल्याने सर्वांत चिवट, पण तिला गिऱ्हाईक मिळणे तेवढेच दुर्मीळ. ‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ हे वचन या दुकानांत फार ऐकू येते आणि ते फार नुकसान करते. बाटलीत जुनी होऊन सुधारणारी पोर्ट ही विशिष्ट वर्षाचा शिक्का असलेली, क्वचित आणि महाग असते. बाकी सर्व पोर्ट व शेरी कारखान्यातच मुरवून, पिण्यास सिद्ध अशी बाटलीत भरलेली असते. फळीवर ठेवून ती केवळ म्हातारी होते.

फळी खालची असावी, भिंत पश्चिमेची नसावी. दिव्याच्या नळीपासून आणि शीतकपाटाच्या मागील गरम जाळीपासून बाटल्या दूर ठेवाव्यात. ज्यांचे बूच हाताने काढून पुन्हा बसविता येते त्या बाटल्या उभ्याच ठेवाव्यात. तीव्र मद्यार्क अशा बुचास खातो. लांब बूच ठोकलेली बाटली तेवढी आडवी. माल आला त्या दिवसाची तारीख खोक्यावर शाईने लिहावी आणि जो आधी आला तो आधी काढावा. साठा-नोंदवहीत तारीख असतेच, पण फळीसमोर उभा असलेला नोकर नोंदवही उघडून पाहत नाही. मद्यार्कमिश्रित वाइन साध्या वाइनच्या फळीवर मिसळून न ठेवता तिच्यासाठी वेगळी पट्टी लावावी आणि पट्टीवर टक्केवारी मोठ्या आकड्यांत लिहावी. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची जी गोड वाइन अलीकडे नाशिककडे होते, तीत मद्यार्क मिसळलेला नसतो. तिला पोर्टच्या रांगेत बसवू नये. गोड आणि जहाल हे दोन वेगळे गुण आहेत.

गिऱ्हाइकास सांगावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. हिचा पेला लहान, ६० मिलिलिटरचा समजावा. २० टक्क्यांच्या पोर्टचा असा एक पेला ३० मिलिलिटर व्हिस्कीच्या जवळपास जातो. उघडलेली लाल पोर्ट थंड जागी तीन-चार आठवड्यांत संपवावी, नंतर ती फक्त गोड पाणी राहते. आणि कोणी “बाळंतिणीसाठी हवी”, “आजोबांच्या रक्तासाठी हवी” असे म्हणत आल्यास विक्रेत्याने हे औषध नसल्याचे स्पष्ट सांगावे आणि डॉक्टरांकडे धाडावे. स्तनपान देणाऱ्या मातेच्या पोटातील मद्यार्क दुधात उतरतो, हे सांगण्यास त्याने संकोचू नये. एक बाटली कमी खपेल. पोर्टची एक बाटली ही तशीही कोणत्याच दुकानाच्या गल्ल्याला जड जात नाही.

निघण्याच्या दिवशी पुन्हा त्या देवासच्या दुकानावरून गेलो. शेरीच्या दोन बाटल्यांचे काय करावे असे विक्रेत्याने विचारले. फळीवरून उतरवून, आबकारी कार्यालयास कळवून, नाशयोग्य माल म्हणून नोंद करून घ्यावी, असे त्यास सांगितले. तो म्हणाला, वर्ष संपता संपता ठेकेदारच बदलेल, नवा पाहून घेईल. मावशींच्या फडताळातील बाटली मात्र त्यांनी स्वतःच मोरीत रिकामी केली, आणि रिकामी बाटली घासून, उन्हात वाळवून, तीत खोबरेल भरून ठेवले.